आईचा कोरा चहा

यातलं अर्धं अभयला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, माहीत आहे. उरलेलं अर्धं परवापर्यंत माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नव्हतं. मैत्रिणींपुढे नाही, कारण त्या यात नकळत सामील होत्या. तुम्हाला सांगते आहे ते एवढ्याचसाठी, की तुम्ही मला ओळखत नाही आणि माझ्या आईच्या हातचं तुम्ही काही खाल्लेलं नाही. ज्यांनी खाल्लंय त्यांना सांगायची माझी छाती नाही.

कुठून सुरुवात करू? चहापासूनच करते.

आम्ही निपाणीचे. माझ्या लहानपणी आमच्या घरात आईची स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट होती — दुपारचा चहा. म्हशीचं दूध, त्यात पाणी नावापुरतं, आणि वर जाड साय. ती साय आधी बोटानं उचलून साखरेत घोळवून खायची, मग चहा बशीत ओतायची आणि मागच्या दाराच्या पायरीवर पाय पसरून बसायची. तेवढ्या वेळात तिला कुणी हाक मारायची नाही. वडीलसुद्धा मारायचे नाहीत. बाकी सगळा दिवस ती आमची होती, ती बशी संपेपर्यंत मात्र ती कुणाचीच नसायची. तिचा तेव्हाचा चेहरा मला अजून दिसतो — आणि तोच दिसू नये असं आता वाटतं.

माझं लग्न झालं, मी बेंगळुरूला आले, सर्जापूर रोडवर आम्ही फ्लॅट घेतला. लग्नाला तिसरं वर्ष लागलं तेव्हा एकदा ऑफिसच्या कँटीनमध्ये असताना आईचा फोन आला. माझ्या हातात कॉफीचा कप होता, हे मला पक्कं आठवतं. ती म्हणाली, "मी दूध सोडलंय गं. देवीला बोलून आले. सुमाची कूस उजवू दे, तुझ्या पायाशी येऊन दुधाची खीर करीन. तोवर दूध, दही, तूप — थेंब घ्यायची नाही."

मी हसले. "काय हे आई, कुठल्या जमान्यात आहेस?" असं काहीतरी म्हणाले आणि कॉफी प्यायले.

आता नीट ऐका. अभयला आणि मला मूल नको होतं. लग्नाआधीच, शांतपणे बसून, दोघांनी ठरवलं होतं. यात मला काही चूक वाटत नाही, तेव्हाही वाटली नाही आणि आजही वाटत नाही. त्याची कबुली मी देत नाहीये. पण मग त्या फोनवर एक वाक्य बोलायला काय हरकत होती? — "आई, आम्हाला मूल नको आहे. तू चहा घे." एवढंच. रडली असती, चार दिवस बोलली नसती, देवीपुढे नाक घासून आली असती. आणि पाचव्या दिवशी मागच्या पायरीवर बसून बशी तोंडाला लावली असती.

अभय म्हणाला, "सांगून टाक. तुझी आई आहे, तूच सांगायला हवंस." मी म्हटलं, सांगते. मनात म्हटलं, महिनाभर जाऊ दे, चहाची तलफ तिला काही दम काढू द्यायची नाही. मी माझ्या आईला ओळखतच नव्हते, दुसरं काय!

वर्षभरात वडील गेले. आईला मी इकडे घेऊन आले. ती आली ती एका पिशवीत हुलगे आणि एका डब्यात नाचणीचं पीठ घेऊन. दूध सुटलं म्हणून तोंड पाडून बसणारी बाई नव्हती ती. तिनं आमच्या त्या चकचकीत स्वयंपाकघरात दुधाशिवायचा अख्खा संसार मांडला. नाचणीची आंबील ताकाऐवजी कोकम घालून करायला लागली. हुलगे भाजून दळायचे, ते पीठ गुळाच्या पाण्यात कालवून, सुंठ घालून शिजवायचं — ते माडगं थंडीतल्या संध्याकाळी वाटीतून प्यायलं की पोटापासून ऊब चढायची. लसूण ठेचून केलेलं भडंग. ज्वारीच्या पिठाची कांदा घातलेली उकडपेंडी. सणाला हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, नारळाच्या दुधात. शेजारच्या शारदाक्कांनी तिला कषाय, म्हणजे धने-जिऱ्याचा काढा, शिकवला, त्या वरून दूध घालायच्या, आई म्हणायची, "अक्का, मला नको, बेडा." दोघी एकमेकींची भाषा निम्मी बोलायच्या आणि पूर्ण भांडायच्या.

आणि चहा? चहा ती कोरा घ्यायची. गवती चहाची पात, आलं, गूळ. बशीत ओतायची, बाल्कनीत पाय पसरून बसायची. सगळं तेच, फक्त चेहरा तो नव्हता. औषध घेतल्यासारखी प्यायची आणि बशी धुऊन उपडी ठेवायची. हे मी बघत होते. रोज.

मग माझ्या मैत्रिणी यायला लागल्या. ऑफिसातल्या दोघी-तिघी, सोसायटीतल्या काही. त्या दिवसांत आमच्या वर्तुळात दूध सोडणं हे मोठं काम समजलं जायचं. इंदिरानगरच्या हॉटेलांत बदामाच्या दुधाच्या कॉफीवर तासतास चर्चा. त्यातल्या एकीनं माझ्याकडे माडगं प्यायलं आणि डोळे मोठे करून म्हणाली, "वेट, यात डेअरी नाहीये? आंटी व्हीगन आहेत?"

मी काय सांगायला हवं होतं? आणि मी काय सांगितलं? — "हो, किती वर्षं झाली! तिला प्राण्यांचं फार आहे."

तोंडातून सहज गेलं. आई समोरच बसली होती, भडंगाची ताटली पुढे सरकवत. तिला इंग्रजी येत नव्हतं, हिंदी थोडं. त्या सगळ्या तिच्याकडे इतक्या कौतुकानं बघायला लागल्या की ती लाजली. "काय म्हणाल्या गं?" तिनं मला हळूच विचारलं. "तुझं जेवण आवडलं म्हणाल्या." तेवढं तरी खरं होतं.

त्यानंतर आमच्या रविवारांची ख्यातीच झाली. सुमाच्या घरचं साधं, गरम, घरगुती, दूध-तूप नसलेलं. मी फोटो टाकायचे — पितळी वाटी, बाजूला आईचा सुरकुतलेला हात. आईचा चेहरा नसायचा, हात छान दिसायचा. लोक लिहायचे की आपल्या जुन्या पिढीला सगळं आधीच माहीत होतं. मी खाली हात जोडल्याची चिन्हं टाकायचे. आईचा उपास मी असा मिरवला. तिनं पोटाला चिमटा काढून माझ्यासाठी जे केलं, ते मी माझ्या आवडीनिवडीचा दाखला म्हणून लोकांपुढे ठेवलं.

तुम्ही म्हणाल, एवढंच ना? एक खोटी बढाई. नाही, एवढंच नाही. मी अजून मूळ गोष्टीकडे आलेच नाही. सवयच लागली आहे मला आजूबाजूनं फिरायची.

एका वसुबारसेला सोसायटीतल्या मराठी बायका क्लब हाउसमध्ये जमल्या. सर्जापूर रोडवर गाय कुठून आणणार, म्हणून कुणाची तरी चांदीची गाय-वासरू पाटावर ठेवलेली. पूजा झाल्यावर एक पुण्याची तरुण मुलगी आईला म्हणाली, "काकू, आज दूध-तूप चालत नाही बरं का आपल्याला." आई हसून म्हणाली, "मला कुठं चालतंय बाळ? माझी रोजच वसुबारस." सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि इतक्या जोरात की आईनं वळून माझ्याकडे बघितलं.

त्या संध्याकाळी तिनं पहिल्यांदा विचारलं — डॉक्टरकडे गेलात का तुम्ही?

इथं आहे ती गोष्ट. इथं मी "नाही, आम्हाला नकोच आहे" असं म्हणू शकत होते. दार तिनंच उघडलं होतं. आणि मी म्हणाले, "हो. चालू आहेत उपचार."

कुठले उपचार? कुठला डॉक्टर? कुणी नव्हतं. मी एक डॉक्टरीण तयार केली. तिला स्वभाव दिला — कडक आहे, पण हुशार आहे. तिच्या तोंडी वाक्यं घातली. इंजेक्शनं घेते म्हणून सांगितलं. अभयला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला वाटायचं मी सांगितलंय आणि आईनं मनाला लावून घेऊन विषय बंद केलाय, नवस तेवढा हट्टानं धरून ठेवलाय. तो आईशी फार जपून, मऊ बोलायचा. आईला वाटायचं, बिचारा खचलाय. दोघं माझ्यामुळे एकमेकांची कीव करत एका टेबलावर जेवायचे.

आणि मला ते सोयीचं पडायला लागलं. ऑफिसातून दमून आले, कुणाकडे जायचा कंटाळा आला, की मी म्हणायचे, "आज इंजेक्शन होतं." मग आई मला हात लावू द्यायची नाही कशाला. माडग्यात सुंठ जास्त घालायची. डिंक खोबरेल तेलात तळून लाडू करायची, तूप न घालता — म्हणजे कढईला चुकूनसुद्धा तूप लागायला नको आणि नवस मोडायला नको. संध्याकाळी माझे पाय मांडीवर घेऊन तेल चोळायची. सत्तरीला आलेली बाई माझ्या धडधाकट पायांना तेल लावत होती आणि पुटपुटत होती, "होईल बाळ, होईल." मी डोळे मिटून पडून राहायचे. मला सुख वाटायचं. हो, सुखच वाटायचं, दुसरा शब्द कशाला वापरू?

मग ती बेंगळुरूच्या शिवाजीनगरातली दुपार. आईला एक जाड बुडाचं पातेलं हवं होतं, म्हणून आम्ही बाजारात गेलो होतो. पातेलं घेतलं, चालून चालून ती दमली, म्हणून एका हॉटेलाच्या दारातल्या बाकावर बसलो. समोरच चहावाला. भलंमोठं पितळी भांडं, दूध आटून आटून पिवळट झालेलं, तो पळीनं वर ओढून खाली सोडत होता. वाफ सरळ आमच्या अंगावर. मी बघितलं तर आई डोळे मिटून श्वास आत ओढत होती. अगदी हळूच, कुणाला दिसू नये अशी.

मग डोळे उघडून म्हणाली, "सुमा, खरं सांग. होणार नसंल तर नाही म्हण. मी काही बोलायची नाही तुला. देवीला सांगते, बाई, माझी पोर दमली, सोड आता आम्हाला. आणि इथंच बसून एक कप च्या घेते."

अजून काय करायला हवं होतं तिनं? पायरी घालून दिली, हात धरला, रागावणार नाही म्हणून सांगितलं. चहासुद्धा समोर तयार होता.

मी म्हणाले, "डॉक्टर म्हणाल्या, अजून आशा आहे."

ती लगेच उठली. पदर सारखा केला, पातेलं काखेत घेतलं. "मग चल," म्हणाली, "उगाच वासात कशाला बसायचं!" तिच्या आवाजात आनंद होता. मी रिक्षा बघायला लागले.

का केलं मी असं? इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की तिचं मन मोडवेना म्हणून. छान वाटतं हे कारण, मुलीला शोभतं. पण ते खरं नाही. तिचं मन मोडलं असतं आणि जुळलंही असतं, तिनं त्याहून वाईट पचवलं होतं. खरं हे आहे, की मला तिच्या डोळ्यांत दुर्दैवी राहायचं होतं. दुर्दैवी मुलीला आई उराशी धरते. नको म्हणणाऱ्या मुलीकडे ती कशी बघेल, ते मला बघायचं नव्हतं. तो एक चेहरा चुकवण्यासाठी मी तिचा दुसरा चेहरा — तो पायरीवरचा — कायमचा हिरावून घेतला. आणि रविवारची माडग्याची वाटीही मला हवी होती, तेही सांगून टाकते. नवस सुटला असता तर आई "व्हीगन" राहिली नसती. इतकं क्षुद्र माणूस असू शकतं का? असतं. मी आहे.

पुढं वय झालं माझं. मूल होण्याचा प्रश्नच उरला नाही. आता तरी सांगायचं होतं, "आई, संपलं सगळं, सोड नवस." पण तोवर आईचं विसरणं सुरू झालं होतं. आधी गॅस, मग वार, मग शारदाक्कांचं नाव. रविवार बंद झाले. मैत्रिणी फोनवर हळहळल्या आणि माडग्याची कृती मागून घेतली. मग एके दिवशी आई मला "अहो बाई" म्हणाली. मी कोण, हे गेलं. निपाणी गेली, वडील गेले, माझं लग्न गेलं.

आणि लाज सोडून सांगते — मला आत कुठेतरी हलकं वाटलं. सगळं विसरतेय, तर नवसही विसरेल. मला काहीच बोलावं लागणार नाही, ती आपोआप चहा घ्यायला लागेल. जे मला करायचं होतं ते मी आजारावर सोपवून मोकळी झाले.

परवा सकाळी मी बाजारातून खास म्हशीचं दूध आणलं. पाणी नावापुरतं घातलं. आटवलं. साय येऊ दिली. तिच्या त्याच बशीत चहा ओतला आणि बाल्कनीत तिच्यापुढे ठेवला. तिनं बशी उचलली. नाकाशी नेली. आणि — तो चेहरा आला. इतक्या वर्षांनी, पुरता, जसाच्या तसा. मी वाट बघत उभी राहिले.

तिनं बशी खाली ठेवली.

"मला चालत नाही," म्हणाली.

"का चालत नाही?"

ती विचार करत राहिली. कपाळावर आठ्या घालून, मनापासून शोधत होती. "का ते आठवत नाही बघा. पण नाही चालत. कुणाचं तरी काम अडलंय त्याच्यावर."

मी तिच्या पायाशी खाली बसले आणि सगळं सांगितलं. जे तुम्हाला सांगितलं तेच, याच क्रमानं — कँटीनमधला फोन, ती डॉक्टरीण, इंजेक्शनं, शिवाजीनगरचा बाक. काही गाळलं नाही. ती माझ्याकडे बघत, मान हलवत ऐकत होती. कुणा लांबच्या घरातली हकीकत असावी तसं. मधे एकदा "अरेरे" म्हणाली. माझं सांगून झालं तेव्हा चहावर साय धरली होती.

मग तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "त्या पोरीचं जाऊ दे," म्हणाली. "पण तिच्या आईला सांगाय पाहिजे की कुणीतरी. ती बसली असंल अजून, च्या सोडून."

मी म्हणाले, "सांगते."

तिच्यापुढची बशी उचलून मी आत गेले. चहा सिंकमध्ये ओतला, बशी धुतली. भांड्यात पाणी ठेवलं, गवती चहाची पात टाकली, आलं किसलं, गूळ घातला. ती तो कोरा चहा फुंकर मारत, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.